चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा विमा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडनच्या हॅरो भागात राहणारं मराठी कुटुंब. मुलगा १८ वर्षांचा, गेल्याच महिन्यात ड्रायव्हिंग टेस्ट पास झाला. त्याच्यासाठी ३,००० पौंडांत एक जुनी छोटी हॅचबॅक बघून ठेवली आहे, पण विम्याचे कोट, म्हणजे कंपन्यांनी सांगितलेले दर, २,४०० पौंडांपासून पुढेच येतात. वडिलांचा स्वतःच्या गाडीचा विमा ५०० पौंडांत होतो. मग मुलाच्या गाडीचा विमा वडिलांच्या नावावर काढून मुलाला 'आणखी एक चालक' म्हणून जोडावं का? शिवाय पुण्याहून मास्टर्ससाठी आलेला भाचा चार वर्षांच्या भारतीय परवान्यावर तीच गाडी अधूनमधून चालवू शकेल का?

आधी एक गैरसमज दूर करू. हे २,४०० पौंड तुमच्या ३,००० पौंडांच्या गाडीसाठी नाहीत. गाडी पूर्ण भंगारात गेली तरी कंपनीचं नुकसान तीन हजारांचं. खरी भीती आहे ती मुलाच्या हातून दुसऱ्याला होणाऱ्या इजेची. ब्रिटनच्या १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टनुसार तिसऱ्या पक्षाच्या शारीरिक इजेची जबाबदारी विमा कंपनीवर अमर्याद असते. मागच्या सीटवरच्या मित्राचा मणका कायमचा निकामी झाला, तर त्याची आयुष्यभराची शुश्रूषा, बुडालेली कमाई, घरातले बदल हे सगळं कंपनी भरते. काही प्रकरणांत हा आकडा १ कोटी पौंडांच्याही पुढे गेला आहे. जखमी जितका तरुण तितकी भरपाई मोठी, आणि नवशिक्या मुलाच्या गाडीत बसलेले मित्रही त्याच्याच वयाचे असतात. नवा परवाना, रात्रीची वेळ आणि गाडीत तीन दोस्त हे गणित विमा कंपनीला सगळ्यात महाग पडतं.

एकरकमी भरपाई ठरवताना न्यायालयं एक सूट-दर वापरतात: पुढच्या वर्षांचे पैसे आजच मिळणार, त्यावर जी कमाई होईल ती धरून रक्कम कमी करायची. दर जितका खाली, तितकी भरपाई मोठी. त्याला तिथे ऑग्डेन रेट म्हणतात. तो २०१७ मध्ये उणे ०.७५ टक्के झाला तेव्हा भरपाया एकदम फुगल्या. २०१९ मध्ये उणे ०.२५ झाला आणि जानेवारी २०२५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये तो अधिक ०.५ टक्के आहे. कोट मागणाऱ्या पोराला याचा पत्ता नसतो, पण त्याच्या प्रीमियममध्ये हा दर मुरलेला असतो.

त्यावर सरकारचा १२ टक्के विमा कर. २,४०० पौंडांतले साधारण २५७ पौंड निव्वळ कराचे आहेत, आणि ते कुठल्याच कंपनीकडे कमी होणार नाहीत.

भारतातून आलेल्या पालकांना हे सगळं अन्याय्य वाटतं, त्याचं कारण आपल्याकडची पद्धतच वेगळी आहे. भारतात थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो इंजिनाच्या सीसीवर असतो. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग गाडीची किंमत, वय आणि शहर बघून ठरतो. चालवणारा १८ वर्षांचा की ५० चा, यानं आकडा फारसा हलत नाही. ब्रिटनमध्ये उलट आहे. तिथे माणूस आधी, गाडी नंतर. मुलगा की मुलगी हा फरक मात्र २१ डिसेंबर २०१२ पासून दरात करता येत नाही. युरोपीय न्यायालयाच्या निकालानं तो बंद झाला आणि ब्रेक्झिटनंतरही तो नियम उठलेला नाही.

एकदा हे कळलं की कुठले उपाय फुसके आहेत ते आपोआप दिसतं. 'अजून जुनी, अजून स्वस्त गाडी घेऊ' हा पहिला फुसका उपाय. १,००० पौंडांची गाडी घेतली तरी दुसऱ्याला होणारी इजा तेवढीच राहते. उलट जुन्या गाडीत आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा नसते, चोराला गाडी सुरू करू न देणारा इमोबिलायझर साधा असतो. 'फुल कशाला, फक्त थर्ड पार्टी घेऊ' हा दुसरा. महागडा भाग तर त्या थर्ड पार्टीतच आहे. शिवाय वर्षानुवर्षं धोक्याच्या चालकांनीच थर्ड पार्टी निवडल्यामुळे त्या वर्गाचा क्लेमचा इतिहास वाईट आहे, आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह कोट बऱ्याचदा त्याहून स्वस्त निघतो. थर्ड पार्टी, चोरी-आगीसह थर्ड पार्टी आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह असे तिन्ही प्रकार टाकून बघायला पाच मिनिटं लागतात, ती जरूर घालवा.

गाडी निवडताना किंमत नव्हे, विमा-गट बघा. जुन्या मॉडेल्सना १ ते ५० असे गट आहेत, आकडा जितका लहान तितका विमा स्वस्त. १ ते ५ च्या आत राहा. किआ पिकँटो, ह्युंदाई आय-टेन, फोक्सवॅगन अप यांची एक लिटरच्या आसपासची साधी रूपं इथे सापडतात. पण एकाच मॉडेलचा 'स्पोर्ट' नावाचा अवतार पाच-सहा गट वर असू शकतो, म्हणून नुसतं नाव नव्हे तर नेमका ट्रिम (मॉडेलची आवृत्ती) आणि इंजिन तपासा. एक गंमतही ध्यानात ठेवा. ज्या मॉडेलवर सगळे नवशिके तुटून पडतात, त्याच्या क्लेमचा इतिहासही नवशिक्यांचाच असतो. त्यामुळे कधी कधी कंटाळवाणी, आजोबांची वाटावी अशी गाडी एखादा गट वर असूनही स्वस्त पडते. गाडीचे पैसे देण्याआधी तिच्या नंबरवर कोट काढा, गाडी घेतल्यावर नाही. आणि आधीच्या मालकानं अलॉय व्हील, गडद काचा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला असेल तर ती सोडून द्या. हे सगळे बदल विमा कंपनीला सांगावे लागतात, आणि 'मी नव्हते बसवले' हे उत्तर चालत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. विमा वडिलांच्या नावावर, मुलगा फक्त जोडलेला, आणि प्रत्यक्षात गाडी रोज कॉलेजला नेणार मुलगा. याला तिथे 'फ्रंटिंग' म्हणतात आणि ही फसवणूक आहे. ओळखीत चार जणांनी केलं असेल, तुलना करणाऱ्या साइटवर फॉर्मही बिनबोभाट पुढे जातो. पण कंपनी हे विमा विकताना तपासत नाही, क्लेम आल्यावर तपासते. तेव्हा प्रश्न साधे असतात. अपघात कुठे झाला? कॉलेजच्या रस्त्यावर, मंगळवारी सकाळी. वडील कामावर कशानं जातात? त्यांच्या दुसऱ्या गाडीनं. ही गाडी रात्री कुठे उभी असते? मुलगा विद्यापीठाच्या गावी राहत असेल तर तिथे. एवढ्या तीन उत्तरांत प्रकरण उघडं पडतं.

पुढे काय होतं ते २०१२ च्या ग्राहक विमा कायद्यात स्पष्ट आहे. चूक निष्काळजीपणाची असेल तर कंपनी प्रमाणात पैसे देते, म्हणजे खऱ्या प्रीमियमच्या निम्मा भरला असेल तर निम्मा क्लेम. जाणूनबुजून खोटं सांगितलं असेल तर तुमच्या गाडीचं काहीच मिळत नाही. जखमीला कायद्यानं पैसे मिळतात, पण ते पैसे कंपनी नंतर तुमच्याकडून वसूल करू शकते. शिवाय 'तुमची पॉलिसी कधी रद्द किंवा अवैध ठरवली गेली आहे का?' हा प्रश्न पुढच्या जवळपास प्रत्येक फॉर्मवर असतो. 'हो' लिहायची वेळ आली की मुलाचा आणि तुमचाही प्रीमियम अनेक वर्षं चढाच राहतो.

मग योग्य काय? कसोटी एकच आहे, गाडी सगळ्यात जास्त कोण चालवणार. घरात एकच गाडी असेल, तीच वडील रोज कामाला नेत असतील आणि मुलगा फक्त शनिवार-रविवारी चालवत असेल, तर वडील मुख्य चालक आणि मुलगा जोडलेला चालक हे पूर्ण कायदेशीर आहे. पण त्याची किंमत समजून घ्या. मुलानं ठोकली तर क्लेम तुमच्या पॉलिसीवर पडतो आणि तुमचा नो क्लेम बोनस घसरतो. बोनस 'प्रोटेक्टेड' असला तरी मूळ प्रीमियम वाढतोच. तो प्रोटेक्शन फक्त सवलतीच्या टक्केवारीला असतो. आणि बहुतेक कंपन्यांकडे जोडलेल्या चालकाचा स्वतःचा बोनस साठत नाही. दोन वर्षांनी मुलगा वेगळी पॉलिसी घेईल तेव्हा बोनसच्या रकान्यात पुन्हा शून्य.

उलटी मांडणी मात्र अगदी सरळ आहे आणि तीच करा. गाडी मुलाची, मुख्य चालक मुलगा, आणि जोडलेले चालक म्हणून आई किंवा वडील. गाडी कधीमधी अनुभवी माणसाच्या हातात असणार म्हटल्यावर कंपनीचा अंदाज खाली येतो. आई आणि वडील दोघांनाही वेगवेगळं जोडून, मग एकत्र जोडून कोट बघा, कारण कुठल्या माणसानं आकडा किती खाली येईल हे कंपनीगणिक बदलतं. ज्याचा अलीकडे क्लेम झालाय किंवा परवान्यावर वाहतूक गुन्ह्यांचे पॉइंट आहेत, त्याला जोडलं तर आकडा वर जातो. आणि जोडलेल्या माणसानं ती गाडी खरंच अधूनमधून चालवायला हवी. नातेवाइकांची नावं शोभेला लावू नका.

दरावर सगळ्यात मोठा परिणाम करू शकतो तो ब्लॅक बॉक्स, म्हणजे गाडी कशी चालवली जाते ते नोंदवणारं यंत्र. तो तीन रूपांत मिळतो: मेकॅनिकनं आत बसवलेला, स्वतः लावायचा छोटा प्लग किंवा काचेवरचा टॅग, आणि नुसतं मोबाइल ॲप. तो वेग, जोरानं लावलेला ब्रेक, वळणावरचा झोल, प्रवासाची वेळ आणि अंतर मोजतो आणि त्यावरून चालवण्याला गुण देतो. वय-अनुभवावरून लावलेला अंदाज बाजूला सारून तुमचं पोर खरंच कसं चालवतं हे दाखवण्याचा पहिल्या वर्षी हाच मार्ग आहे. पण घेण्याआधी पॉलिसीच्या अटींत चार गोष्टी शोधा. एक, रात्रीच्या प्रवासावर बंदी आहे की फक्त गुण कापले जातात. मुलगा सुपरमार्केटमध्ये रात्रपाळी करत असेल तर हा मुद्दाच निर्णायक ठरतो. दोन, वर्षाची मैल मर्यादा किती आणि वरचे मैल केवढ्याला विकत घ्यावे लागतात. तीन, वेगमर्यादा मोडल्यावर इशारे किती आणि त्यानंतर काय. ठरावीक वेगाच्या वर गेल्यास काही कंपन्या ७ दिवसांची नोटीस देऊन पॉलिसीच रद्द करतात. अशी नोटीस आली तर फोन करून 'मी स्वतः रद्द करू का?' हे लगेच विचारा. कंपनीनं रद्द केलं आणि आपण रद्द केलं यात पुढच्या फॉर्मवर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. चार, गाडी विकली किंवा पॉलिसी मध्येच सोडली तर बॉक्सचे किती पैसे कापतात.

वापरताना होणारे घोळही ठरलेले आहेत. बॉक्स गाडीला असतो, त्यामुळे वडिलांनी त्याच गाडीतून मोटरवेवर ताशी ८५ मैलांची धाव घेतली तरी गुण मुलाचेच जातात. ॲप असेल तर मित्राच्या गाडीत मागे बसलेला प्रवासही ते मुलाचा समजतं. तो प्रवास 'पॅसेंजर' म्हणून बदलून ठेवावा लागतो, आणि हे त्याच दिवशी केलेलं बरं. ताशी २० मैलांच्या मर्यादेचे रस्ते लंडनमध्ये पसरले आहेत, आणि गुण तिथेही सहज जातात, फक्त मोटरवेवर नाही. जीपीएसनं बाजूच्या रस्त्याची मर्यादा धरली असं वाटलं तर प्रवासाची तारीख-वेळ देऊन लेखी हरकत घ्या.

फॉर्म भरतानाचे बारकावे आता भराभर सांगतो. मैल अंदाजानं १०,००० टाकू नका, कॉलेज-घर-आजीचं घर असा हिशेब करा. पण अगदी कमी मैल टाकल्यानं आकडा खाली येतोच असं नाही. कामाचं वर्णन खरं ठेवूनही दोन-तीन तऱ्हांनी लिहिता येतं. 'विद्यार्थी' आणि 'अर्धवेळ दुकान-सहायक असलेला विद्यार्थी' यांत फरक पडू शकतो. वापराचा प्रकार नीट निवडा: नुसत्या खासगी वापरात नोकरीवर जाणं-येणं बसत नाही, आणि एका संध्याकाळी जेवणाचे डबे पोहोचवण्याचं ॲप चालवलं तर साधी पॉलिसी चालतच नाही, त्याला वेगळा 'हायर अँड रिवॉर्ड' विमा लागतो. बहुतेक पोरांचा घोटाळा इथेच होतो. पत्ता म्हणजे गाडी बहुतेक रात्री जिथे उभी राहते तो. मुलगा लेस्टरला शिकायला गेला आणि गाडीही नेली, तर हॅरोचा पत्ता ठेवणं खोटं ठरेल. एक्सेस, म्हणजे क्लेमचा आपण सोसायचा पहिला वाटा, दोन भागांचा असतो. सक्तीचा आणि ऐच्छिक असे दोन्ही एकत्र मोजले जातात, आणि तरुण चालकाला सक्तीचा आधीच जादा असतो. सक्तीचा ६०० आणि ऐच्छिक ५०० घेतला तर ३,००० पौंडांच्या गाडीच्या बारीकसारीक क्लेमला अर्थच उरत नाही.

आकडे बदलून बदलून कोट काढताना एवढं सांभाळा की कंपन्यांना तुमचे आधीचे कोट दिसतात. काल 'रस्त्यावर' आणि आज 'गॅरेजमध्ये' उभी राहणारी गाडी त्यांच्या नजरेत भरते. जुने क्लेम आणि परवान्यावरचे पॉइंट त्यांना सामायिक माहितीसाठ्यातून कळतात, ते लपवण्यात काही हशील नाही.

पैसे भरण्याबद्दल. हप्त्यांनी प्रीमियम भरणं म्हणजे कर्ज आहे, आणि त्याचा वार्षिक दर २० टक्क्यांच्या पुढे सहज जातो. समजा वर्षाचे १,८०० पौंड आहेत आणि हप्त्यांत आधी १८० व मग १७८ चे १० हप्ते आहेत, तर एकूण १,९६० होतात. जवळ रक्कम नसेल तर शून्य व्याजाच्या क्रेडिट कार्डावर भरून ते बारा महिन्यांत फेडणं स्वस्त पडतं, फक्त हप्ता चुकता कामा नये. कोट पॉलिसी सुरू होण्याच्या साधारण तीन आठवडे आधी घ्या. आदल्या दिवशी घेतलेला कोट जवळजवळ नेहमी महाग असतो. पुढच्या वर्षी नूतनीकरण आपोआप होऊ देऊ नका. जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा जास्त दर लावायला जानेवारी २०२२ पासून बंदी आहे, पण ती त्या एका कंपनीच्या आत. बाहेरची कंपनी त्याहून स्वस्त असू शकते. एक वर्ष क्लेमशिवाय गेलं की पहिल्या नूतनीकरणाला चांगली घसरण दिसते. पास प्लस नावाचा किमान ६ तासांचा कोर्सही आहे, त्यात रात्र, मोटरवे, खराब हवा शिकवतात. तो शिकण्यासाठी घ्या. सवलत देणाऱ्या कंपन्या आता मोजक्याच आहेत, तेव्हा फी भरण्याआधी आपल्या कंपनीला विचारा.

एक सापळा टेस्टच्या दिवशीच असतो. शिकाऊ चालकाची स्वतंत्र पॉलिसी टेस्ट पास झाल्या क्षणी संपते. परीक्षकानं 'पास' म्हटलं आणि मुलगा त्याच गाडीनं आनंदात घरी निघाला, तर तो विम्याशिवाय गाडी चालवतोय. विम्याशिवाय सापडल्यास ३०० पौंड दंड आणि ६ पॉइंट, गाडीही जप्त होऊ शकते. १९९५ च्या नवचालक कायद्यानुसार पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की परवानाच जातो, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही पुन्हा. हातात फोन धरून चालवल्यासही नेमके ६ पॉइंट आहेत. म्हणजे एका मेसेजमध्ये परवाना जाऊ शकतो, आणि पुढची साधारण पाच वर्षं प्रत्येक कोटमध्ये हा गुन्हा दिसतो.

तुमच्या मुलाला इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲपवर '९०० पौंडांत विमा करून देतो' असं सांगणारा कुणी भेटेलच. हे भूत-दलाल एकतर बनावट कागद देतात, किंवा खोटं वय-पत्ता टाकून खरी पॉलिसी काढतात आणि पैसे घेतल्यावर ती रद्द करतात. पोलिसांचा कॅमेरा कागद बघत नाही, नंबर प्लेटवरून देशाच्या मोटर विमा नोंदीत बघतो. पॉलिसी घेतल्यावर काही दिवसांनी मोटर इन्शुरर्स ब्युरोच्या साइटवर आपल्या गाडीचा नंबर टाकून ती नोंदली गेली आहे ना, हे फुकट तपासता येतं.

आता भाचा. ब्रिटनमध्ये राहायला आल्या तारखेपासून १२ महिने तो भारतीय परवान्यावर कार चालवू शकतो, पण त्यासाठी त्याचं नाव तुमच्या पॉलिसीत असायलाच हवं. 'मामाची गाडी आहे' हा विमा नव्हे. परवान्याचा प्रकार खरा टाका: भारतीय. काही कंपन्या तो घेतच नाहीत, काही घेतात पण जादा आकारतात, आणि पुण्यातला नो क्लेम बोनस बहुतेक ठिकाणी धरला जात नाही. १८ वर्षांचा मुलगा आणि परदेशी परवान्याचा भाचा दोघंही एकाच पॉलिसीत टाकले तर आकडा कुठे जाईल ते कोट काढूनच बघा. महिन्यातून एखाद-दोन वेळा चालवायची असेल तर तासांवर किंवा दिवसांवर मिळणारा तात्पुरता विमा त्याच्या नावानं वेगळा काढणं बरं. त्याचा क्लेम झाला तरी बहुधा मुलाच्या पॉलिसीला झळ लागत नाही. तिथेही भारतीय परवाना चालतो का, हे आधी वाचा.

भारतीय परवाना ब्रिटिश परवान्याशी थेट बदलून मिळत नाही. त्याला प्रोव्हिजनल (शिकाऊ) परवाना, थिअरी आणि प्रॅक्टिकल असा पूर्ण रस्ता चालावा लागेल. प्रोव्हिजनल ऑनलाइन ३४ पौंडांत मिळतो, थिअरीची फी २३ आणि आठवड्याच्या दिवसातल्या प्रॅक्टिकलची ६२ पौंड. खरी अडचण पैशांची नाही, तारखांची आहे. प्रॅक्टिकलची तारीख मिळायला अनेक ठिकाणी महिनोन्‌महिने लागतात. बारा महिने उलटले आणि टेस्ट झाली नाही, तर तेराव्या महिन्यापासून तो पुन्हा शिकाऊ. म्हणजे एल पाटी, आणि शेजारी २१ वर्षांवरचा, किमान तीन वर्षांचा परवाना असलेला माणूस. तुमचा मुलगा त्या जागी बसू शकणार नाही, तुम्हालाच बसावं लागेल. म्हणून त्याला प्रोव्हिजनलचा अर्ज याच आठवड्यात करायला सांगा.